दुधाचा हिशेब

वस्ताद,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून चार लोकांदेखत लिहिते.

दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं नववीतून शाळा सोडली आणि चौकात बसायला लागला. वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. गणपतीत मारामारी झाली, यानं एका पोराचं डोकं फोडलं. त्या रात्री आई नि मी चौकीच्या बाकावर बसून होतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याला तालमीत नेलंत. महिनाभर कुस्ती नाहीच. फावड्यानं हौदा उकरायचा, तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू मिसळायचं, जोर-बैठका मारायच्या. घरी आला की ताटावरच डुलक्या. पहाटे चारला उठायचं, मग रात्री अकराला चौकात थांबणार कोण? जुने दोस्त दाराशी येऊन हाका मारायचे, हा गाढ झोपलेला. मी अंथरुणातून ऐकत असायचे.

मग ज्याचं डोकं फोडलं होतं, त्यालाच तुम्ही याची जोड म्हणून उभं केलंत. आईला धडकीच भरली. मी दारातून बघितलं. पकड निसटू नये म्हणून दोघं एकमेकांच्या खांद्याला, मानेला माती चोळत होते. त्या पोराच्या कपाळावर टाक्यांची खूण आहे. तिथं याचा हात जरा थबकला आणि जपून पुढं सरकला. त्या दिवशी हा चितपट झाला. उठला, पाठ झटकली, हात मिळवला. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट भिरकावणारा आमचा पोरगा, वस्ताद!

खुराकाचं विचारलं की "तालमीतून मिळतो" एवढंच सांगायचा. परवा गवळ्याकडून कळलं, दीड वर्ष रोजचं दोन लिटर दूध तुमच्या नावावर आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट तुम्ही पोरांना कितीदा सांगितलीत. स्वतःची मात्र लपवलीत.

दोन पोरं तालीम सोडून परत चौकात गेली. त्यांच्या लंगोटाची खुंटी तुम्ही अजून कुणाला देत नाही, हेही त्यानं सांगितलं.

पुढच्या महिन्यात खासबागेत त्याची कुस्ती लागलीय. शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या मैदानात आई पहिल्यांदाच पाऊल ठेवणार आहे. आणि १ तारखेपासून दुधाचे पैसे मी भरणार, गवळ्याला सांगून ठेवलंय. नाही म्हणू नका.

आपली,
धाकट्याची ताई