कर्लीच्या पाण्यावरून समुद्राकडे : मित्रास पत्र

देवबाग,
पौष शुद्ध त्रयोदशी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आपण मालवणजवळच्या याच देवबागच्या टोकावर उभे राहून, कर्ली नदी नेमकी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, यावर तासभर हुज्जत घातली होती, ते तुला आठवत असेलच. तू पाण्याच्या रंगाकडे बोट दाखवत होतास आणि मी लाटा फुटतात त्या रेघेकडे. काल भाच्याला बरोबर घेऊन नेरूरपारच्या पुलापासून कयाकने निघालो आणि संध्याकाळच्या आत संगमातून समुद्रात जाऊन आलो. खांदे असे काही भरून आले आहेत की पेन धरवत नाही; तरीही आजच लिहितो आहे, कारण त्या दिवशी आपण दोघेही चुकलो होतो.

आधी वेळेचे सांगतो, कारण कालच्या दिवसावर खरी सत्ता तिचीच होती. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हे आमच्या आजोबांचे गणित तुलाही पाठ आहे. काल द्वादशी, म्हणजे नऊ वाजता भरती पूर्ण आणि तिथून सव्वासहा तासांनी, सव्वातीनच्या सुमारास, सुकती म्हणजे ओहोटी पूर्ण. नऊला निघावे, उतरत्या पाण्यावर बसून जावे आणि वल्हे नावापुरते मारावे, असा माझा बेत होता. पुलाखाली पोहोचलो तर काठालगत नारळाचे एक सोडण संथपणे चालले होते, आणि तेही कुडाळच्या दिशेने! भाचा म्हणाला, "मामा, तुमची नदी उलटी वाहते आहे." गणित खोटे नव्हते, पण ते मुखापाशीचे होते. भरतीला खाडीतून आत चढायला वेळ लागतो, त्यामुळे किनाऱ्यावर पाणी उतरू लागले तरी आत ते काही काळ चढतच राहते, ही गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो. मग आम्ही शेंगदाणे खात त्या सोडणावर डोळा ठेवून बसलो. अर्ध्या तासाने ते एका तिवराच्या मुळांशी रेंगाळले, स्वतःभोवती दोनदा फिरले, जागच्या जागी डुलत राहिले आणि मग, जणू कोणी हाक मारावी तसे, समुद्राकडे निघाले. त्याच्या मागोमाग आम्ही.

निघण्यापूर्वी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिले. पावसाचे पाणी केव्हाच ओसरले आहे, आणि समुद्रापासून इतक्या आत, जिला सगळे नदीच म्हणतात ती, स्पष्ट खारट लागली. आपल्या वादाचा पाया तिथेच ढासळला.

कयाक म्हणजे काय, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. ही प्लास्टिकची, दोघांची, वरच बसायची होडी आहे. तिला ना सुकाणू ना शीड, वल्ह्याला मात्र दोन्ही टोकांना पाती. उजवे पाते पाण्यात गेले की डाव्यावरचे पाणी ओघळून मांडीवर येते, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच माणूस भिजून निवांत होतो. वजनदार माणसाने मागे बसावे, असा नियम आहे. मी मागे बसलो.

पुढचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. पूर्वेकडून पाठीवर येणारा मतलई वारा, खालून ओढणारे पाणी आणि दोन्ही काठांना कांदळवन. निघालो तेव्हा खालची पाने पाण्याला टेकलेली होती. मग पानांखाली बोटभर ओली, काळपट पट्टी उघडी पडली. ती वीतभर झाली, हातभर झाली, आणि शेवटी मुळांना चिकटलेली कालवे दिसू लागली. नदी उतरते आहे हे घड्याळाकडे न पाहता त्या पट्टीवर वाचता येत होते. एका वळणावर वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर काकण बसला होता. आम्ही अगदी खालून गेलो तरी त्या गरुडाने मान वळवण्याचे कष्ट घेतले नाहीत. पुढे वाळूच्या होड्या लागल्या. मी त्यांच्याकडे फार पाहिले नाही. ज्या देवबागच्या किनाऱ्याला समुद्र खातो म्हणून दगडांचे बंधारे घालावे लागतात, त्याच देवबागच्या नदीतून वाळू उपसायची, हे मला पटत नाही.

वालावलला मात्र माझाच मोह नडला. काठाला लागून लक्ष्मीनारायणाच्या देवळापर्यंत चालत गेलो, तळ्याच्या पायरीवर डबा उघडला, आणि ती सावली आणि ती शांतता अशी की पाऊण तास कसा गेला ते कळले नाही. परत येऊन पाहतो तर होडी चिखलात कोरडी पडलेली. ती पाण्यापर्यंत ओढताना मी गुडघ्यापर्यंत रुतलो आणि एक चप्पल कर्लीला अर्पण केली.

तोवर वारा फिरला होता. मतलई वारे आणि खारे वारे यांतला फरक लिहिताना सहावीच्या पेपरात तू उलटसुलट करून मार खाल्ला होतास. काल तो फरक मी छातीवर मोजला. पाणी पश्चिमेकडे ओढते आणि वारा पश्चिमेकडूनच येतो, तेव्हा त्या दोघांच्या भांडणात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि प्रत्येक लाट नेमकी पुढच्याच्या तोंडावर फुटते. भाचा पुढे होता. त्याने वजनाचा नियम कोणी केला, असे एकदाच विचारले.

तारकर्लीजवळ नदी दक्षिणेला वळते, आणि या प्रवासातली सर्वांत विलक्षण गोष्ट तिथे सुरू होते. उजव्या हाताला माडांची एक चिंचोळी पट्टी आहे, तेच देवबाग, आणि तिच्या पलीकडे समुद्र. त्याची गाज कानांत असते, माडांच्या फटीतून मधूनच त्याचा पांढरा फेस दिसतो, पण तिथे जाता येत नाही. कित्येक किलोमीटर नदी समुद्राच्या शेजारून, त्याच्याकडे पाठ करून चालते. मुलगी सासरी निघताना अंगणातच घोटाळते तसे हे वाटले.

दोनच्या सुमारास मुखापाशी पोहोचलो. समोर भोगव्याचा डोंगर, मध्ये उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर तिसऱ्या म्हणजे शिंपल्या वेचणाऱ्या बायका, आणि पलीकडे पांढरी रेघ. मी तसाच पुढे घुसलो असतो, पण जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या गाबित मच्छीमाराने हात वर करून अडवले. "आता खंय जातास? पाणी थांबांदे, मगे जावा." खरेच होते. उतरते पाणी जोरात बाहेर पडते आणि समुद्राची लाट आत येते. उथळ दांड्यावर त्या दोघांची गाठ पडली की आमच्यासारख्यांची होडी उलटायला एकच लाट पुरते. आम्ही वाळूवर सव्वा तास बसलो. हळूहळू ती पांढरी रेघ तुटत गेली आणि तिच्यात निळ्या पाण्याची वाट पडली. तू जिथे बोट दाखवले होतेस तो रंगाचा पट्टाही विरला. तुझी सीमा आणि माझी सीमा दोन्ही सुकतीबरोबर पुसल्या गेल्या.

त्या वाटेने बाहेर पडलो तेव्हा वल्ह्याला काहीच वेगळे जाणवले नाही. होडी मात्र एकदम उंच उचलली गेली, सावकाश, आणि तशीच सावकाश खाली ठेवली गेली. दक्षिणेला निवतीच्या खडकावरचे दीपगृह दिसत होते. भाचा मागे वळून म्हणाला, "लागला का समुद्र?" मला उत्तर देता आले नाही. पुन्हा ओंजळभर पाणी चाखले. पुलाखालच्यापेक्षा थोडे जास्त खारट, इतकेच.

परत यायला भरती होतीच. तिने आम्हाला ओढतच आत आणून देवबागच्या काठाला लावले.

तू येतोस ना? फाल्गुन शुद्ध द्वादशी धरू, म्हणजे वेळा अगदी याच राहतील. जुनी चप्पल घाल, आणि पुलाखाली नऊला नव्हे, पावणेदहाला ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव