आईचं इरकल फाटलं

कराड, चैत्र वद्य पंचमी

प्रिय नंदे,

तुझी दोन पत्रं येऊन पडलीत आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागावली असशील तर रागाव. आज लिहायला बसले, कारण काल जे झालं ते इथं कुणाला सांगून कळत नाही. "गोधडी फाटली ना? दुसरी शिवू," म्हणतात सगळे. माझी तब्येत ठीक. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं दिवाळीनंतर.

आईचं हिरवं इरकल लुगडं फाटलं गं. हो, तेच, लाल पदराचं, ज्याच्या ओच्यातून तिनं आपल्याला कैऱ्या आणून दिल्या होत्या. धाकटीला आता सातवा लागलाय. "बाळाला आजीच्या लुगड्याचीच गोधडी हवी," म्हणून ती हटून बसली. डॉक्टरांनी मला महिनाभर सुई धरू नका म्हणून बजावलेलं. मंडईमागं आता मशीनवर गोधड्या शिवून देतात, तिथं देऊन आले. नऊवाराच्या चार घड्या घातल्या की पुरी गोधडी होते, तुला सांगायला नको. तिथल्या माणसानं दीड तासात शिवून हातात ठेवली. रेषा पट्टीनं आखल्यासारख्या! घरात सगळ्यांना आवडली. मलाही आवडली, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

काल पहिल्यांदा धुतली. दोरीवर टाकायला झटकली आणि टर्रकन आवाज आला. पदर जिथं अंगाला जोडलेला असतो तिथून, शिवणीच्या रेषेवर, वीतभर. इरकलात अंगाचं सूत आणि पदराचं रेशीम वेगवेगळं असतं, मागावरच एकात एक फासे अडकवून जोडलेलं. तीस वर्षं नेसलेल्या लुगड्यात सगळ्यात नाजूक जागा तीच. मशीनची सुई नेमकी तिच्यावरून आडवी गेली, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी बारीक भोकं पाडत.

रात्रभर मी ती मांडीवर घेऊन बसले होते. मशीनचे दाते खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचं सुईजवळच्या दाबपायाखाली अडून मागं राहतं. चार घड्यांच्या चार तऱ्हा झाल्यात, कडेला सगळ्या चुण्या. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत घट्ट अडकलेले, कापडाला हलायला जागाच नाही. आपला धावदोरा एकच असतो, वर-खाली जातो, ओढ बसली की थोडा सरकून देतो. आणि हात वाट बदलतो! आई विरलेल्या जागेपाशी आली की थांबायची, बोटानं चाचपायची, आतून जुन्या चोळीचा तुकडा सरकवायची, मग टाका. मशीनला कुठं कळणार की इथं आईनं विरलेलं कापून, जोडून दंड घातलाय?

आणि मी तुला काय काय बोलले होते! तू मशीन घेतलंस तेव्हा "ही गोधडी नव्हे, गादीची खोळ" असं चारचौघींत म्हणाले. त्या संक्रांतीला तू तिळगूळ द्यायलाही आली नाहीस. नंदे, ती तुझी गोधडी अजून आमच्याकडं आहे, पोरं तिच्यावर लोळून मोठी झाली, एक टाका उसवला नाही. तू नव्या, दणकट साड्या घेतल्या होत्यास. तिथं मशीनच बरं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कापडात जोर असेल तर मशीन, विरलं असेल तर हात. चूक माझी. तीस वर्षांनी कबूल करतेय, पण मनापासून.

आता उसवू का? भीती वाटते. एका बाजूनं दर चौथा टाका कापत गेलं की दुसऱ्या बाजूचा दोरा सबंध ओढून निघतो, हे तूच शिकवलंस. सुताची भोकं दोन धुण्यांत मिटतील. रेशमाची नाही मिटणार. मला वाटतं पदर वेगळा काढावा, त्याला मऊ मलमलीचा आधार द्यावा आणि मधोमध ठेवून पुन्हा चारी कडांनी आत आत शिवत यावं. तू लिहिलं होतंस, कर्नाटकात हल्याळकडच्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजाच्या बायकाही त्यांची गोधडी, कवंदी, अशीच कडेपासून आत शिवतात आणि चार कोपऱ्यांना 'फूल' लावतात. ती फुलं कशी दुमडतात? बाळाच्या गोधडीला मला ती हवीत.

पण एकटीनं नाही होणार. वैशाखात ये. अंगणात पसरू, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवू, दोन बाजू तुझ्या, दोन माझ्या. मागच्या खेपेसारखा स्वतःचा परकर गोधडीला शिवू नकोस म्हणजे झालं. सगळी गोधडी घेऊन उठली होतीस, आई हसून हसून भिंतीला टेकली होती.

भावजींच्या बदलीचं काय झालं? सुनेशी पटतंय ना? गुडघ्याला तेल लावत जा. आल्यावर सगळं बोलू.

येताना तुझ्या डब्यातल्या लांब सुया आण, इथल्या वाकतात. गोधडी घडी घालून आईच्याच पेटीत ठेवलीय. तू येईपर्यंत कात्री लावत नाही.

तुझीच,
शकू