ताई, पेनड्राईव्ह परत देत नाहीये

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. "बरं, पुढचं बोला," म्हणता आणि विषय संपतो. इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या तुमच्या स्क्रीन रीडरचा आवाज कंट्रोल दाबून गप्प करू शकता, तेवढी मुभा आहेच. पण तुमच्या त्या भरधाव वेगात ऐकू नका. त्या वेगातलं मला आजही एक अक्षर कळत नाही.

आपलं पहिलं बोलणं झालं तेव्हा माझ्या टेबलावर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तयार होता. टाईप केलेला, फक्त सही बाकी. कार्यालयातल्याच एका सद्गृहस्थांनी तो माझ्या काळजीपोटी करून दिलाय, असं मी तेव्हा समजत होतो. नोकरीला २२ वर्षं झालेली, मुलगी बारावीला, आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसाने नजर आवळत आवळत नळीएवढी उरलेली. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडा गेल्या. मधलं थोडं शाबूत होतं. त्यामुळे पेपर वाचता यायचा, आणि वाचून उठलो की शेजारच्या खुर्चीला धडकायचो. लोकांना पेपर वाचलेला तेवढा दिसायचा. "सोंग करतो," हे माझ्या पाठीमागे किती वेळा बोललं गेलं ते मला माहीत आहे. कानांना काही झालं नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर तुमचा नंबर दिला होता. मला वाटलं, धीर देणारं कुणी असेल. तुम्ही विचारलंत, "सही केलीत का?" नाही म्हटल्यावर, "मग करू नका. २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम, कलम २०, पोटकलम ४. कुणाकडून तरी वाचून घ्या आणि उद्या फोन करा." फोन ठेवलात. मला जरा रागच आला होता, आज सांगतो.

मुलीने वाचून दाखवलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं. तेही नसेल तर जागा होईपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जास्तीचं पद निर्माण करून तिथे ठेवायचं. मुलीने तो परिच्छेद दोनदा वाचला. आस्थापना विभागात उभी हयात काढलेल्या माणसाला हे बारावीतल्या पोरीकडून कळावं! आणि अशीच तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यातही कलम ४७ म्हणून होती.

दुसऱ्या दिवशी माझा अर्ज ऐकून तुम्ही हसलात. मी लिहिलं होतं, "माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा." ते काढायला लावलंत. "हलके काम मिळावे" हेही काढायला लावलंत. त्यावर आपलं चांगलंच वाजलं. मला हलकंच काम हवं होतं. तुम्ही म्हणालात, "हलकं काम मागाल तर आवक-जावकच्या टेबलाशेजारी खुर्ची देतील आणि दर महिन्याला पगार. वर्षभरात तुम्हालाच वाटेल की मी फुकट खातोय." मग त्या जागी स्क्रीन रीडर बसवलेला संगणक मागितला, आणि पूर्वीचंच काम. नेत्रतज्ज्ञांचा अहवाल जोडला. नजरेचा पट्टा १० अंशांहून अरुंद झाला की मधली अक्षरं वाचता येत असली तरी कायद्याने ते अंधत्वच, हेही तुम्ही सांगितल्यावरच कळलं. 'सोंग' हा शब्द त्यानंतर माझ्या डोक्यातून गेला. इतरांच्या डोक्यातून गेला की नाही, विचारलं नाही.

अर्ज मंजूर व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांचं बाड इथे सोडत नाही.

आता पेनड्राईव्हचं. नवं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही, असं उत्तर मिळालं तेव्हा तुम्ही कुरिअरने एक पेनड्राईव्ह पाठवलीत. त्यात एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर, संगणकावर काही न बसवता थेट चालणारं. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडत नव्हते. आजही ते फुकट मिळतं. पहिल्या दिवशी त्यातला मराठी आवाज ऐकून अख्खी शाखा हसली. बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा आवाज. आता तो मला घरच्या माणसासारखा वाटतो. इन्सर्टचं बटण मी त्याआधी आयुष्यात कधी दाबलं नव्हतं, आता एनव्हीडीएला आज्ञा द्यायला दिवसभर बोट तिथेच असतं.

खरी गंमत पुढे झाली. आमच्या जुन्या टिपण्या उघडल्या तर आवाज भलतंच काही बरळायला लागला. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस. मला वाटलं, बिघडलं. तुम्ही विचारलंत, "फॉन्ट कुठला?" जुना, युनिकोड नसलेला. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण आत साठवलेली इंग्रजी अक्षरंच असायची. २२ वर्षं मी स्वतः तसं टाईप करत आलो होतो, ताई. एकाही अंध माणसाला वाचता येणार नाहीत अशी शेकडो पत्रं माझ्या सहीखाली गेली असतील. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने कन्व्हर्टर शोधला आणि आम्ही दोघांनी महिनाभरात नेहमीचे सगळे नमुने युनिकोडमध्ये आणले. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकांपुढे मात्र अजून हात टेकलेलेच आहेत. ती नुसती चित्रं, तिथे एनव्हीडीए गप्प बसतं.

बाकी उपकार फुटकळ म्हणाल, पण रोजचे आहेत. १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर. लांबी १४२, १४६, १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी बसमध्ये काय ओळखणार? नोट ओळखून किती रुपयांची ते सांगणारं रिझर्व्ह बँकेचं मणी ॲप दाखवलंत, आणि वर म्हणालात, कंडक्टरसमोर मोबाईल काढत बसू नका, घरूनच २०० ची घडी घालून निघा, ५०० सरळ ठेवा. बँकेने चेकबुक द्यायला काचकूच केली तेव्हा रिझर्व्ह बँकेचं जून २००८ चं परिपत्रक हातात दिलंत. मॅनेजरनी ते वाचलं, चहा मागवला.

आणि ती केवायसी, मोबाईलवरून ओळख पटवायची. चेहरा गोलात आणा, डोळे मिचकावा. डोळे मला मिचकावता येतात हो, पण चेहरा गोलात आहे की भिंत, हे कोण सांगणार? चार वेळा नापास झालो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, आणि डोळे मिचकावण्याला पर्याय द्या. त्या रात्री तुमचा फोन आला आणि पहिल्यांदाच तुमचा आवाज सावकाश होता. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध गृहस्थ यांनी वेगवेगळी दाद मागितली होती आणि निकाल एकत्र लागला, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

मंजुरीनंतर कार्यालयाने संगणकावर एनव्हीडीए रीतसर बसवून दिलं. त्यामुळे पेनड्राईव्ह मोकळी झाली. ती तुम्हाला परत पाठवायची होती. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून एका शिक्षकांचा फोन आला. त्यांच्याही टेबलावर टाईप केलेला अर्ज होता. मी विचारलं, "सही केलीत का?"

पेनड्राईव्ह आता त्यांच्याकडे आहे. तुम्हाला न विचारता दिली.

आपला,
आवक-जावकशेजारी न बसलेला एक लिपिक