'मूंगा को पैर नहीं': अगत्तीच्या इक्कांना पत्र

इक्का, स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. खरं तर हे पत्र चारचौघांत लिहायचंच नव्हतं. लेकीने त्याचं हिंदी करून तुम्हाला फोनवर ऐकवायचं, असं ठरलं होतं. पण तुम्ही माझ्या बोर्डिंग पासच्या मागे बॉलपेनने लिहून दिलेला नंबर मी ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून आणला. ठाण्याला पोचेपर्यंत त्यातला फक्त पहिला नऊ उरला होता. म्हणून आता हाच मार्ग. लक्षद्वीपला जाणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं, आणि अगत्तीच्या किनाऱ्यावर डोक्याला हिरवा पंचा गुंडाळलेला, पर्यटकांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघणारा एक गाइड त्यांना भेटला, तर त्यांनी कृपया हे त्याला वाचून दाखवावं.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कोचीहून आलेलं जोडपं तुम्हाला इक्का म्हणत होतं, म्हणजे आमच्याकडचा दादा. वयाने तुम्ही माझ्याहून लहानच असाल, तरी मीही तेच म्हणत राहिले.

मी कोण, ते आठवावं म्हणून सांगते. फेब्रुवारीतल्या त्या स्नॉर्केलिंगच्या बोटीवर (तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मास्क, आणि पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं) मास्कमध्ये थुंकायला तयार नसलेल्या बाई, त्या मी. काच धुकटू नये म्हणून आत थुंकायचं, बोटाने चोळायचं आणि विसळायचं, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, साबण नाही का? तुम्ही हसून स्वतःच्या मास्कमध्ये थुंकलात आणि पाण्यात उडी मारलीत. नाइलाजाने मीही थुंकले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, नवऱ्यासमोर.

त्याआधी तुम्ही मंगळसूत्र काढायला लावलंत. चमकणारी वस्तू पाण्यात माशाच्या खवल्यासारखी दिसते, एवढंच म्हणालात. कुणाला तशी दिसते, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच मंगळसूत्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात गेलं. बोट लागत असल्यामुळे हे खिशावर हात दाबून, डोळे मिटून बसले होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, देवाचं नाव घेतायत.

माझं माहेर मालवणजवळचं. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पर्यटक लांबून येऊन तिथे स्नॉर्केलिंग करतात. आम्ही घरचे लोक मात्र किनाऱ्यावर उभे राहून बघणार. पोहायला मी पन्नाशीत शिकले, तेही महापालिकेच्या तलावात, चार फुटांच्या बाजूला. त्यामुळे तुमच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, उतरले तेव्हा मनात दोनच गोष्टी होत्या, बुडण्याची भीती आणि शार्कची.

शार्कशी तशी माझी ओळख जुनीच, फक्त ती ताटातली. आमच्याकडे तिला मोरी म्हणतात. लहानपणी आम्हा भावंडांना मोरी आवडायची, कारण तिला काटे नसतात. मधला कणा कुर्रकन चावून खाता येतो. शार्कच्या अंगात हाडं नसून सगळी कूर्चाच असते, हे शाळेत कळलं तेव्हा आमच्या जिभेला ते आधीच माहीत होतं. आई मोरीवर कढत पाणी ओतून तिची कातडी खरवडायची. पॉलिश पेपरसारखी खरखरीत कातडी. मोरी जरा शिळी झाली की नवसागरासारखा उग्र वास सुटायचा. बहिणीच्या बाळंतपणात तर दूध यावं म्हणून आठवड्यातून दोनदा मोरी. एवढ्या मोऱ्या खाऊनसुद्धा जिवंत, पोहणारी मोरी आमच्यातल्या एकानेही पाहिली नव्हती.

पहिला अर्धा तास मी तुमच्या रबरी रिंगला लटकून काढला, हे तुम्हाला आठवत असेलच. सगळं आयुष्य योगवर्गात 'नाकाने श्वास घ्या' ऐकलेलं, आणि इथे नाक बंद. नळीतून स्वतःचाच श्वास एवढा मोठ्याने ऐकू येत होता, की दुसरंच कुणीतरी शेजारी धापा टाकतंय असं वाटे. मग हळूहळू दुसरा एक आवाज कानावर आला, खडीसाखर चावल्यासारखा. तुम्ही बोट दाखवलंत. हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळाचा खडक कुरतडत होता. थोडा पुढे गेला आणि त्याच्या मागून पांढऱ्या भुकटीचा ढग सुटला. नंतर बोटीवर तुम्ही किनाऱ्याकडे हात करून म्हणालात, 'वो सब रेती, इसका पॉटी.' सगळी नाही, पण त्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी खरोखरच अशीच तयार होते. त्या वाळूत आदल्या संध्याकाळी मी अनवाणी चालून 'किती शुद्ध' असं म्हटलं होतं.

आणि मग ते झालं.

छातीइतक्या पाण्यात, फांद्या-फांद्यांच्या प्रवाळावर आम्ही तरंगत होतो. डावीकडून करड्या रंगाचं काहीतरी सरकलं. पाठीवर उभं पातं, आणि त्या पात्याचं टोक काळं. पुढचं विचार करून केलेलं नाही. रिंग सोडली, उभी राहिले, ओरडले. नळीतून ओरडलं की नुसता भोंगा वाजतो. पायाखाली काहीतरी काडकन मोडलं. नडगीला खरचटलं, तेही नंतर कळलं.

तुम्ही आलात ते थेट माझ्या पायांशी. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या आणि शार्कच्या मध्ये उभा राहणार. तुम्ही खाली बुडी मारलीत, माझे दोन्ही घोटे धरलेत आणि पाय वर उचलून मला पाण्यावर आडवं पाडलंत, तान्ह्या मुलाचं दुपटं बदलताना उचलतात तसं. मग डोकं बाहेर काढून म्हणालात, 'मूंगा को पैर नहीं, मॅडम. पैर नहीं.' म्हणजे प्रवाळाला पाय लावू नका. मी म्हटलं, 'शार्क! शार्क!' तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, 'बच्चा है.'

त्या क्षणी मला तुमचा राग आला होता, इक्का. आज कबूल करते. पैसे मी भरलेत, जीव माझा जातोय आणि ह्या माणसाला दगडाची काळजी. तुम्ही परत बुडी मारलीत, मी मोडलेली ती वीतभर फांदी उचललीत, जरा इकडेतिकडे फिरवून एका खाचेत घट्ट बसवलीत आणि वर आलात. एक शब्द बोलला नाहीत. फांदी हलली नाही तर ती जगू शकते, पुन्हा धरू शकते, हे मला रात्री लेकीने सांगितलं. पाण्यात मला वाटलं होतं, हा माणूस आवराआवर करतोय.

पोवळं म्हणजे आजीच्या अंगठीतला लाल खडा, मंगळासाठी घातलेला, एवढंच मला माहीत होतं. तो खडा वेगळ्या जातीच्या प्रवाळाचा. तुमच्या लगूनमधलं प्रवाळ म्हणजे लाखो इवल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न शिजवतं आणि यजमानालाही वाढतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी फार तापलं की ही यजमान-भाडेकरूची जोडी फुटते, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते तसंच राहिलं तर उपासमारीने मरतं. परत येताना तुम्ही एका मोठ्या, शेवाळलेल्या, राखाडी पट्ट्यावर बोट थांबवलीत आणि बोटांवर वर्षं मोजलीत: अठ्ठ्याण्णव, दहा, सोळा, चोवीस. मला वाटलं, वादळांची वर्षं सांगताय. लेक कुजबुजली, 'आई, ही समुद्र तापल्याची वर्षं.' एकेका तडाख्यानंतर सावरायला प्रवाळाला दहा-दहा वर्षं लागतात, तेवढीही उसंत आता मिळत नाही. अशा ठिकाणी येऊन मी एका पायाने किती वर्षांची वाढ मोडली असेन, हा हिशेब मी बँकेत तीस वर्षं काढलेली बाई असूनही घातलेला नाही.

आता आभार कशाचे, ते लिहिते. तुम्ही मला पाण्याबाहेर काढलं नाहीत. घाबरलेल्या बाईला बोटीवर बसवून चहा देणं सोपं होतं, लेकही तेच म्हणत होती. तुम्ही रिंगची दोरी स्वतःच्या मनगटाला बांधलीत आणि मला गुडघाभर पाण्याच्या वाळूच्या पट्टीकडे ओढत नेलंत. तिथे ते होते, तीन. हातभर लांबीचे, मातकट पाठीचे, पोटाखाली पांढरे. पाठीवरच्या पात्याला काजळाचं बोट टेकवल्यासारखा काळा ठिपका. आमच्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात, अगदी तस्सं. काळ्या टोकाच्या ह्या शार्कची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, एका वेळी साधारण दोन ते पाच. मोठ्या शार्कांच्या तोंडी पडू नयेत म्हणून ही पिल्लं उथळ पाण्यात वाढतात. म्हणजे मी भोंगा वाजवला तो बालवाडीत.

मी हात हलवला आणि तिन्ही पिल्लं क्षणात दिसेनाशी झाली. तुम्ही म्हणालात, 'देखो, वो डर गया.' मग दहा मिनिटं हात पोटाशी धरून, ओंडक्यासारखी पडून राहिले तेव्हा परत आली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला रीफच्या, म्हणजे त्या प्रवाळाच्या कड्याच्या, बाहेरच्या कडेला नेलंत. खाली तळ होता तो एकदम नाहीसा होतो आणि नुसती निळाई उरते, तिथे. तुम्ही शिकवलेलं मी पाठ केलं होतं: उभं व्हायचं नाही, पाणी बडवायचं नाही, पळायचं नाही, त्याच्याकडे बघत राहायचं. एका कपारीखाली पांढऱ्या टोकाचा शार्क वाळूवर पडला होता, दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखा. शार्क थांबला की मरतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. हा आरामात थांबलेला, फक्त कल्ले उघडमीट करत होते. ही जात तोंडाने पाणी ओढून पडल्या पडल्या श्वास घेते, दिवसा विश्रांती आणि रात्री शिकार.

आणि मग निळाईतून काळ्या टोकाचा एक पूर्ण वाढलेला आला. माझ्यापेक्षा थोडाच आखूड. माझ्या नळीतला श्वास थांबला. तुमची दोरी एकदा हलकेच ओढली गेली, 'आहे मी' म्हटल्यासारखी. त्याने मला एका बाजूने पाहिलं, मांजरासारख्या उभ्या बाहुलीने, शेपटी दोनदा हलवली आणि गेला. भाजी मंडईत ओळखीचं नसलेलं माणूस पाहतं, त्यापेक्षा जास्त रस त्याच्या नजरेत नव्हता. थोडा अपमानच वाटला.

त्या बोटीवर एका गृहस्थांनी शार्क जवळ यावेत म्हणून बिस्किटं टाकायचा हट्ट धरला होता. तुम्ही नाही म्हणालात. त्यांनी नोट काढली, तरी नाही. उतरताना त्यांनी तुम्हाला काही दिलं नाही, तेही मी पाहिलं. ह्यांनी नंतर तुमच्या हातात काहीतरी कोंबलं, ते त्याच्या भरपाईसाठी होतं. दान समजू नका.

लेकीने त्या रात्री मला आकडे ऐकवले. शार्कची छेड काढलेली नसताना त्याने माणसाला चावण्याच्या घटना २०२४ मध्ये साऱ्या जगात ४७. उलट बाजूला, १९७० पासूनच्या पन्नासेक वर्षांत खुल्या समुद्रातले शार्क आणि पाकटं ७१ टक्क्यांनी घटली. मी म्हटलं, झोप आता. पण मलाच झोप आली नाही.

मे महिन्यात माहेरी गेले होते. भावाने सकाळी बाजारातून हाक मारल्यासारखा फोन केला, 'ताई, ताजी मोरी गावली हा.' मी विचारलं, केवढी? तो म्हणाला, हातभर. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बच्चा है.' तो गोंधळला. लेकीने माझी चूक लगेच काढली. आमच्या बाजारातली मोरी बहुतेक वेळा जातच लहान असते, पूर्ण वाढली तरी दोन फुटांच्या आसपास, म्हणजे ते पिल्लू असेलच असं नाही. तिचं बरोबर आहे. तरी त्या दिवशी वहिनीने माझ्यासाठी बांगडे तळले, आणि मोरी बाकीच्यांनी चाटूनपुसून खाल्ली. मी कुणाला काही बोलले नाही. पुढच्या वेळी खाईन की नाही, सांगता येत नाही.

एक काम राहिलं. तुमची निळी नळी माझ्या पिशवीतून चुकून इकडे आली आहे, तोंडाच्या रबरावर दाताची खूण असलेली. धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. हे पत्र कुणी वाचून दाखवलं तर पत्ता कळवा, पोस्टाने पाठवते. नाहीतर पुढच्या जानेवारीत लक्षद्वीपला यायचा परवाना मिळाला की घेऊनच येते. ह्यांनी बोट लागण्याच्या गोळ्या आत्ताच आणून ठेवल्या आहेत.

आपली,
पाय वर धरायला शिकलेली मॅडम