टच पॅनेलवर आपोआप होणाऱ्या टचमुळे मशीन स्वतःहून सुरू होण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीजवळील कुपवाड एमआयडीसीतील माझ्या हळद पॅकिंग युनिटसाठी आपल्या कंपनीचे पाऊच पॅकिंग मशीन घेऊन आठ महिने झाले. त्यावरील ७ इंची टच पॅनेलबद्दल मी तीन वेळा फोनवरून कळवले आहे. या वेळी लेखी तक्रार करीत आहे, कारण गेल्या मंगळवारी हे प्रकरण माणसाच्या हातावर बेतले होते.

सीलिंग जॉमध्ये (पाऊच दाबून बंद करणाऱ्या जबड्यात) अडकलेला फिल्मचा तुकडा काढण्यासाठी आमच्या ऑपरेटर ताईंनी पॅनेलवरून मशीन थांबवले होते; हॉपरमध्ये पावडर चढवणाऱ्या स्क्रूची मोटर तेवढी चालू होती. पॅनेलजवळ कोणीही नसताना ‘स्टार्ट’चे हिरवे बटण दाबल्यासारखे गडद झाले आणि जॉ मिटला. ताईंनी हात नुकताच बाहेर घेतला होता. त्यांनी आधी इमर्जन्सी बटण दाबायला हवे होते हे मला मान्य आहे आणि तशी सक्त सूचना मी आता दिली आहे, परंतु त्यामुळे पॅनेलचा दोष दोष राहत नाही असे नव्हे.

आपल्या तंत्रज्ञांनी दोन्ही भेटींत ‘तुमचे अर्थिंग खराब आहे’ असे सांगितले आणि दुसऱ्या भेटीत पॅनेल बदलून दिले. नवे पॅनेलही तसेच वागते. त्यानंतर परवानाधारक ठेकेदाराकडून अर्थिंग तपासून घेतले, ते ०.८ ओहम भरले, म्हणजे खराब नाही. स्क्रूच्या मोटरचा ड्राइव्ह (वेग नियंत्रित करणारे उपकरण) बंद केला की आपोआप होणारे टच पूर्ण थांबतात. ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्याच्या स्विचिंगचा वेग, ८ किलोहर्ट्झवरून ४ वर आणली, मोटरची केबल शिल्डेड घालून शिल्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने अर्थ केली, तेव्हा ते कमी झाले, पण गेले नाहीत. शेवटी पॅनेलचा २४ व्होल्टचा पुरवठा काढून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या, तर ड्राइव्ह चालू असूनही दिवसभरात एकही खोटा टच झाला नाही. म्हणजे त्रास मुख्यतः पुरवठ्याच्या वायरीतून आत येतो. या पॅनेलचा कॅपॅसिटिव्ह टच हा बोटामुळे धारकतेत (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत) पडणारा अतिशय सूक्ष्म फरक मोजत असतो. ड्राइव्हच्या स्विचिंगचा गोंगाट त्या मोजणीत मिसळला की कंट्रोलरला बोट टेकल्याचा भास होतो. त्यातच पॅनेलची मागची धातूची प्लेट आणि अर्थ टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावला असता जोडणीच आढळली नाही, आणि हे जुन्या व नव्या दोन्ही पॅनेलांत सारखेच आहे. ड्राइव्ह आपणच बसवून दिलेला आहे आणि तो पॅनेलपासून जेमतेम दीड फुटावर आहे, तेव्हा त्याच्या शेजारी टिकणारे पॅनेल देणे ही आपलीच जबाबदारी ठरते.

तरी या पॅनेलची आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी ६१०००-४-६ (वायरीतून येणारा रेडिओ फ्रिक्वेन्सीचा गोंगाट) नुसार १० व्होल्ट पातळीवर आणि ६१०००-४-४ (वायरीतून येणारे जलद विद्युत झटके) नुसार चाचणी झाली असल्यास तिचा अहवाल पाठवावा. प्लेटचे अर्थिंग, पुरवठ्यावर फिल्टर आणि स्कॅनिंगची फ्रिक्वेन्सी बदलणारे फर्मवेअर यांनी दोष जात असेल, तर ते काम आमच्या जागेवर, ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालू ठेवून करून दाखवावे. अन्यथा रेझिस्टिव्ह टचचे (प्रत्यक्ष दाबावर चालणारे) पॅनेल विनामूल्य बसवावे. मशीन सुरू होण्याची आज्ञा मात्र कोणत्याही परिस्थितीत केवळ टचवर ठेवू नये, त्यासाठी वेगळे पुश बटण द्यावे. तोपर्यंत मशीन बंद ठेवले असून हळदीच्या ऑर्डरी हाताने भरत आहोत, म्हणून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे ही विनंती.

आपला विश्वासू,
मालक, हळद पॅकिंग युनिट
कुपवाड एमआयडीसी, सांगली