चपला फिरवून ठेवणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, हे बोर्ली पंचतन आल्यावर लक्षात आलं. तुम्ही आमची सगळी चौकशी केलीत, माझं माहेर कुठलं, पोरगी कितवीत, आईंचे गुडघे कधीपासून दुखतात. आणि आम्ही निघताना नुसतं 'येतो हं काकू' म्हणून गाडीत बसलो. परतीला थांबायचं ठरलं होतं. पण दिवेआगरहून शेखाडीच्या रस्त्याने श्रीवर्धन, तिथून हरिहरेश्वर केलं आणि थेट म्हसळ्याला निघालो, त्यामुळे तुमचं घर वाटेत लागलंच नाही. म्हणून हे पत्र. तुमच्यापर्यंत पोचेल का, कोण जाणे. गावातलं कोणीतरी फोनवर वाचून दाखवील, असं धरून चालते.

ओळख पटावी म्हणून सांगते. एप्रिलमधला शनिवार, दुपारचे तीन, लाल गाडी आणि बॉनेटमधून वाफ. म्हसळा सोडल्यावर चढाला काटा लाल रेघेला टेकला आणि नेमकी तुमच्या गडग्यापाशी गाडीने मान टाकली. चारच दिवसांपूर्वी 'फुल सर्व्हिसिंग' करून आणली होती. बिल दोन पानी होतं, गाडीत सुगंधी पुडीसुद्धा टांगून दिली होती. पाईपला गेलेला तडा मात्र तिथे कोणाला दिसला नव्हता, काकांना तो उभ्या उभ्या दिसला. रस्त्यावरच्या मदतीसाठी वर्षाचे पैसे भरलेत, त्या नंबरावरच्या मुलीने तीनदा विचारलं, "सर, जवळची खूण सांगा." आमचे हे म्हणाले, "आंब्याचं झाड." तिने 'लिहून घेते' म्हटलं आणि रेंज गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रात गुडघाभर पाण्यात असताना मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?

पण गाडीचं दुःख तसं काही मोठं नव्हतं. आईंचं होतं.

आईंना रक्तदाबासाठी पाण्याची गोळी आहे. तासा-दीड तासाने जावंच लागतं. त्यामुळे प्रवास म्हटला की त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. ही गोष्ट बायकांना समजावून सांगावी लागत नाही. आपण सगळ्याच कधी ना कधी गाडीत ओठ कोरडे ठेवून बसलेल्या असतो. पुण्याहून निघाल्यापासून आईंनी गोळी गिळण्यापुरते दोन घोट घेतले होते. ताम्हिणी उतरल्यावर एका पंपावर थांबलो, तिथे संडासाला दार होतं, कडी नव्हती, नळाला पाणी नव्हतं. माणगावात नेहमीसारखी गाड्यांची रांग, त्यात पाऊण तास गेला. पुढे एका हॉटेलात आधी चार चहा आणि वडे मागवले, म्हणजे विचारायला तोंड राहतं. तर उत्तर आलं, "चावी मालकाकडे, मालक जेवायला गेलेत." हे सांगणारा माणूस गल्ल्यावर बसला होता आणि पोऱ्ये त्याला शेठ म्हणून हाक मारत होते. आई हसून म्हणाल्या, "राहू दे गं, मला काही एवढी घाई नाही." आणि चहा तसाच ठेवला.

काका धावत आले ते ओरडतच, "झाकण उघडू नका, तोंड भाजेल!" आमच्या ह्यांचा हात तोपर्यंत रेडिएटरच्या झाकणावर होता. नुसत्या या एका हाकेसाठीसुद्धा वेगळं पत्र लिहायला हवं. पुढची दुरुस्ती इथे लिहीत बसत नाही, मला त्यातलं कळत नाही. मी तेव्हा तुमच्याकडे बघत होते.

तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन आलात. पुढच्या सीटवर बसलेल्या आईंकडे एकदा पाहिलंत. त्यांनी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, बस्स. 'बाथरूमला जायचंय का' असं चार माणसांत विचारलं नाहीत. "ह्यांना आत नेते, उन्हात कशाला?" एवढंच म्हणालात आणि ओटीवर न बसवता सरळ मागीलदारी नेलंत. पाय सुजले म्हणून आईंनी सॅंडल गाडीतच काढून ठेवले होते. मागच्या अंगणातली जांभ्याची फरशी तव्यासारखी तापली होती. तुम्ही पायातल्या रबरी चपला काढल्यात आणि आईंच्या पायांपुढे सरकवल्यात.

संडासाच्या पायरीशी आईंनी त्या काढल्या आणि आत गेल्या. तुम्ही वाकून चपला उलट फिरवून ठेवल्यात. टाचा दाराकडे, पुढची बाजू अंगणाकडे. बाहेर येताना गुडघ्यावर जोर देऊन वळायला नको, नुसता पाय आत सरकवायचा. मग दाराकडे पाठ करून उभ्या राहिलात आणि माझ्याशी चांगल्या खणखणीत आवाजात नारळाच्या भावाबद्दल बोलायला लागलात. आधी मला कळेना, हात-दीड हातावर उभ्या बाईशी एवढ्या मोठ्याने कशाला बोलायचं? कळलं तेव्हा मीही आवाज चढवला. मला नारळाच्या भावातलं ओ की ठो कळत नाही, पण बोलत राहिले. तुम्ही बोलता बोलता एक पाय उचलत होतात, मग दुसरा. फरशीवर अनवाणी होतात ना.

आमच्या ऑफिसात ग्राहकाची गरज त्याने सांगण्याआधी कशी ओळखावी, यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. साठ-सत्तर स्लाइड्स होत्या, शेवटी प्रमाणपत्रही मिळालं. मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. परत आल्यावर काढून टाकलं. माणसाला मदत करणारे खूप भेटतात, आणि त्यांच्यावरच जग चाललंय यात वाद नाही. पण ज्याला मदत करतोय त्याला मान खाली घालावी लागू नये, एवढं जपणारी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत.

आई ओटीवर येऊन बसल्या तेव्हा तुम्ही माठातलं पाणी दिलंत. त्यांनी सवयीने हाताने नको केलं. "प्या हो निवांत," तुम्ही म्हणालात, "परत लागली तर परत जा. संडास काय पळून जातोय?" चांदणी चौक सोडल्यापासून आई पहिल्यांदा मनापासून हसल्या. दोन फुलपात्री पाणी प्यायल्या. आणि निघण्याआधी खरंच परत एकदा जाऊन आल्या.

काकांना पैसे विचारले तर म्हणाले, "क्लिपचे चाळीस द्या." पन्नासची नोट दिली तर तुम्ही दहा रुपये आणायला आत गेलात. आम्हाला वाटलं, क्लिप घरात पडलेली असेल. पोरगी काकांच्या मागेमागे वाडीत हिंडत होती, तिने रात्री झोपताना सांगितलं, "आई, आजोबांनी ना त्यांच्या पंपाच्या पाईपची क्लिप काढून आपल्याला दिली." म्हणजे त्या संध्याकाळी तुमच्या वाडीचं शिंपणं राहिलं. एप्रिलच्या उन्हात, सुपारीचं. आणि कुठली सुपारी? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुनी वाडी आडवी झाल्यावर पुन्हा लावलेली, आत्ता कुठे फळ धरायला लागलेली. काकाच सांगत होते, सकाळी सावली होती, दुपारी नुसतं आभाळ. मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

दिवेआगरला सुवर्ण गणेशाचं दर्शन झालं. वाडीत सापडला त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९९८ ला, आईंनी तो पाहिला होता. २०१२ ला चोरीला गेला तेव्हा त्या घरातलं कोणी गेल्यासारख्या बसून होत्या. २०२१ ला पुन्हा प्रतिष्ठापना झाली तेव्हापासून 'एकदा न्या मला' चाललं होतं. ही सगळी सहल त्यासाठीच. घरी आल्यावर मावशींचा फोन आला, गणपती कसा आहे विचारायला. आई म्हणाल्या, "छान झालं दर्शन. पण अगं ऐक ना, वाटेत एक बाई भेटली..." आणि पाऊण तास चपलांचीच गोष्ट.

त्या आकाराच्या चार नव्या क्लिपा घेऊन गाडीत ठेवल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत येतो. गडग्यापाशी लाल गाडी दिसली तर काकांना पाना घेऊन धावायला लावू नका, या वेळी ती बंद पडलेली नसेल. आई मात्र आल्या आल्या आधी मागीलदारी जातील. वाटेत भरपूर पाणी पिणार आहेत म्हणे.

तुमची,
लाल गाडीतली सून