याला लवचिकता म्हणू नका

संपादक महोदय,

कामाच्या वेळा लवचीक हव्यात असं सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. त्यात 'लवचिकता' हा शब्द नऊ वेळा आला आहे, मी मोजला. त्याचा अर्थ मात्र एकदाही सांगितलेला नाही.

ट्रकचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगा, बनवणाऱ्या कारखान्यात मी 28 वर्षं काढली. लवचीक कशाला म्हणायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच कळायचं. भार पडला की पाटा वाकतो आणि भार उतरला की पुन्हा आपल्या कमानीत येतो. परत येणं महत्त्वाचं. जो वाकलेलाच राहिला तो भंगारात. आणि झेपेल त्यापेक्षा जास्त भार घातलात, तर उत्तम पोलादसुद्धा सपाट पडतं.

माझी मुलगी एका मोठ्या दुकानात नोकरीला आहे. 'कामाच्या वेळा लवचीक राहतील' असं तिच्या नेमणूकपत्रात आहे. म्हणजे काय, तर उद्याची पाळी कोणती हे रात्री दहाला मोबाइलवर कळतं. सुट्टीचा वारही ऐन वेळी बदलतो. तीन वर्षं तिने ब्र काढला नाही. गेल्या महिन्यात तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठ दिवस आधी तिने लेखी विचारलं, की दोन तास उशिरा येते, संध्याकाळी थांबून भरून काढते. उत्तर आलं, 'नियमात बसत नाही.' ती तरीही ऑपरेशनच्या वेळी आईजवळ आली आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. डोळ्यात थेंब घालत असताना माझी बायको मला विचारत होती, 'पोरीचा पगार तर नाही ना कापणार?' हे मी विसरू शकत नाही.

तुमच्या लेखकाला जुने कायदे 'ताठर' वाटतात. 1948च्या कारखाना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तास ठरवले, त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी दिली. त्या ताठरपणावर माझं घर उभं राहिलं. रविवारची सुट्टीसुद्धा आपोआप मिळालेली नाही. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा 1890 साली ती गिरणी कामगारांच्या पदरात पडली. माझ्या मुलीला लागोपाठ दोन रविवार घरी बघितल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक. 'लवचीक'मधला 'ची' दीर्घ असतो, 'लवचिकता'मधला 'चि' ऱ्हस्व. तुमच्या मथळ्यात आणि चौकटीत दोन्ही उलटे छापले आहेत. मुद्रितशोधकांना हे दाखवावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कामगार, भोसरी